घरचा केक आणि शेजारणीचा उपवास

आपल्या समाजातील साठीच्या पुढच्या माणसाला जन्मतारीख विचारा. बहुधा १ जून असे उत्तर येईल. जून महिन्यात शाळा भरायची, बाप पोराला हाताला धरून घेऊन जायचा, मास्तर पोराच्या उंचीकडे बघून वर्ष ठरवायचे आणि दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना याची आणखी एक गंमत ठाऊक आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रांगच लागते. हार पुरत नाहीत. आपल्या आईबापांचा खरा जन्मदिवस कुठेच लिहिलेला नव्हता. आईला एवढेच आठवायचे की, लावणी चालू होती आणि नदीला पूर आला होता.

आजच्या लेकरांचे तसे नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला. ज्यांच्या घरात दोन पिढ्या तारखेवाचून गेल्या, त्यांनी लेकराची तारीख आनंदाने साजरी केली तर मला तो फाजील लाड वाटत नाही. आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, केक कापणे हे इंग्रजांचे खूळ आहे. असेल. पण औक्षण, पत्रिका आणि शांत यांपेक्षा पीठ, साखर आणि अंडी यांचे खूळ मला बरे वाटते. त्यात निदान कुणाला दक्षिणा द्यावी लागत नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण असे. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना कोंडिवड्याचा भाग लागतो. तिकडच्या एका सुनेने मला गाठले. मुलगा तीन वर्षांचा होणार. "ताई, केक घरी करता येतो का? आमच्याकडे भट्टी नाही." कर्जतहून केक आणायचा तर जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. सहाआसनी रिक्षात मांडीवर खोका धरून बसले तरी घरी पोहोचेपर्यंत वरची मलई खोक्याच्या झाकणाला लागलेली असते. एवढे विचारून झाल्यावर ती थोडी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "पण ताई, घरी केला तर शेजारचे खातील का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ते आधी देते.

भट्टी नसली तर अडत नाही. आपल्या कोकणात केक नवा नाही, नाव तेवढे नवे आहे. पावसाळा सरता सरता वेलीवर मोठी, पिकून पिवळी झालेली तवशी सापडतात. ती किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून आपल्या आज्या धोंडस करीत. पातेले चुलीवरच्या निखाऱ्यांवर ठेवायचे, झाकणावरही निखारे ठेवायचे. खालून आणि वरून सारखी धग लागली की धोंडस वरूनही लालसर होते आणि सुरीने कापता येते. केकच्या भट्टीत याहून वेगळे काही होत नाही. ज्या घरात आजही चूल आहे, तिथे केक याच पद्धतीने होतो. निखारे मात्र मंद हवेत, ज्वाळ नको.

गॅस असेल तर जाड बुडाचे एक जुने पातेले घ्या. त्याच्या तळाला बोटाच्या पेराएवढा जाड मिठाचा किंवा चाळून धुऊन वाळवलेल्या रेतीचा थर द्या. त्यावर लोखंडी रिंग किंवा अडणी ठेवा आणि घट्ट झाकण घाला. पुष्कळ जणी यासाठी कुकर वापरतात. पाण्याशिवाय कुकर तापवणे त्याच्या अंगाला बरे नाही. वापरायचाच असेल तर झाकणाची रबरी कडी आणि शिटी काढून ठेवा. ती राहिली तर रबर जळते आणि वाफ कोंडते. जुने पातेलेच उत्तम. ते मीठ पुन्हा पुन्हा केकसाठी वापरता येते, आमटीत घालायचे नाही.

आता माप. चहाचा २०० मिलिलिटरचा साधा कप धरते, कारण वजनकाटा सगळ्यांच्या घरी नसतो. मैदा सव्वा कप, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम. मैद्याच्या जागी अर्धी कणीक घेतली तरी चालते, केक थोडा जड होतो पण चव चांगली लागते. दळलेली साखर एक कप. तेल अर्ध्या कपाला थोडे कमी, वासाचे नको. शेंगदाण्याचे तेल वापरले तर केकला फोडणीची आठवण येते. आंबट नसलेले ताजे दही अर्धा कप. अंडी दोन. बेकिंग पावडर एक सपाट चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ. वासासाठी इसेन्स मिळाला तर ठीक, नाहीतर वेलची आणि जायफळ. मला तर वेलचीचाच केक जास्त आवडतो.

आधी गॅस पेटवून पातेले झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापत ठेवा. केकच्या डब्याला आतून तेल लावून मैदा भुरभुरवा. तळाला कोरा कागद घालायचा असेल तर घाला, पण वर्तमानपत्राचा नको, त्याची शाई उतरते. मग साखर, तेल आणि अंडी रवीने चांगली पाच मिनिटे घुसळा. मिश्रण फिकट आणि फेसाळ झाले पाहिजे. कंटाळा करायचा नाही, इथे जी हवा शिरते तीच पुढे कामाला येते. दही घाला. मैदा, पावडर, सोडा आणि मीठ दोनदा एकत्र चाळून घ्या आणि हलक्या हाताने मिसळा. आता मात्र घुसळायचे नाही. पीठ ओले करून जास्त मळले की त्याला चिवटपणा येतो. पोळीला तो हवा, केकला नको.

सोडा दह्याला भेटला की लगेच कार्बन डायॉक्साइड वायूचे बुडबुडे सुटतात. ते पिठात अडकतात, धगीने फुगतात आणि अंडे शिजून घट्ट झाले की त्यांची घरे तशीच राहतात. म्हणून मिश्रण तयार झाल्यावर पाहुण्यांशी बोलत बसू नका. बुडबुडे निघून गेले की केक बसतो आणि दोष गॅसवर जातो. सोडा जास्त घातला तर केक जास्त फुगेल असेही समजू नका. साबणासारखी चव येते आणि पिवळे डाग पडतात. बेकिंग पावडरची डबी वर्षभर फडताळात पडलेली असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसली तर ठीक, नाहीतर फेकून द्या.

डबा दोन तृतीयांश भरा, रिंगवर ठेवा, झाकण घाला, आच बारीक करा. पहिली पंचवीस मिनिटे झाकण उघडायचे नाही. मूल कितीही भुणभुण करो. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांत होतो. विणकामाची सुई मधोमध खुपसून पाहा, कोरडी बाहेर आली की झाला. पूर्ण गार होऊ द्या, मगच डबा पालथा करा.

अंडे नको असेल तर दही जवळजवळ दुप्पट, म्हणजे एक कपाला थोडे कमी घ्यावे आणि सोडा पाव चमच्याच्या जागी अर्ध्या चमच्याला किंचित कमी. चांगला होतो. पण अंडे का नको, याचा एकदा विचार करा. कुणी प्राणातिपाताचा विचार करून शाकाहारी झाला असेल तर त्याच्या निश्चयाला माझा नमस्कार आहे. मात्र आपल्यातल्या पुष्कळ जणी घरात रोज अंडी खातात आणि वाढदिवसाला 'बिनअंड्याचा' म्हणून मोठ्याने सांगतात, ते शेजाऱ्यांसाठी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वाढत्या लेकराला ती हवीत. आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा थांबवला. शाळेतले अंडे गेले, निदान घरातल्या केकमधले तरी लपवू नये.

हिशेब करणे हा माझा रोजचा धंदा, म्हणून तोही सांगते. आजच्या वाण्याच्या दराने हा केक गॅस धरून ६० ते ७० रुपयांच्या घरात पडतो. तेवढाच केक बेकरीत घ्यायला गेले तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि वर नाव लिहिल्याचे, फुले काढल्याचे वेगळे. मजुरीवर जाणाऱ्या घराने त्यासाठी उसनवारी करावी, हे मला मुळीच पटत नाही. रंगांचाही प्रश्न आहे. कर्नाटकात २०२४ साली अन्नसुरक्षा खात्याने केकचे २३५ नमुने तपासले, त्यांतल्या १२ नमुन्यांत कृत्रिम रंग धोक्याच्या प्रमाणात सापडले. लालभडक आणि काळे केक त्यात पुढे होते. सगळ्या बेकऱ्या वाईट असे मी म्हणत नाही. पण घरच्या केकमध्ये काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

सजावटीसाठी एक सोपी युक्ती आहे. पिंपळाचे पान धुऊन, पुसून गार केकवर ठेवा. चहाच्या गाळण्यातून दळलेली साखर वरून भुरभुरवा आणि पान अलगद उचला. तपकिरी केकवर पांढऱ्या साखरेत बोधिपत्र उमटते. लहान मुले हे बघून अगदी हरखून जातात. आता ओघाने आले म्हणून बोलते. हल्ली जयंतीच्या केकवर बाबासाहेबांचा किंवा भगवान बुद्धांचा चेहरा काढतात आणि टाळ्यांच्या गजरात त्यावरून सुरी फिरवतात. करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, पण पाहवत नाही. नाव लिहा, पान काढा, चेहरा नको.

मेणबत्तीवरून घराघरात वाद आहे. आपल्याकडे मेणबत्ती तथागतांपुढे आणि बाबासाहेबांपुढे लावतात. तीच फुंकून विझवायची म्हटले की आजी नाराज होते. मेणबत्त्यांची पद्धत जर्मनीत अठराव्या शतकात होती, तिथून ती जगभर गेली, तिला धर्माची आज्ञा म्हणून कुणी पाळत नाही. मला आजीचे म्हणणे पटते, आणि त्याला विज्ञानाचाही आधार सापडला आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाने २०१७ साली तपासून पाहिले तेव्हा मेणबत्त्या फुंकल्यावर केकच्या मलईवरचे जिवाणू १४०० टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्याने कुणी लगेच आजारी पडते असे नाही, पण थुंकी ती थुंकीच. आमच्याकडे आता वयाइतक्या मेणबत्त्या मूल स्वतः मोठ्यांच्या हाताला धरून पेटवते, केकपासून बाजूला, फोटोपुढे. त्रिसरण-पंचशील होते आणि मग केक कापतात. मेणबत्त्या जळून आपोआप विझतात. तिसऱ्या वर्षी तीन पेटवताना मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो विझवताना नसतो.

अगदी लहानांच्या आयांना दोन गोष्टी बजावून सांगते. पहिल्या वाढदिवशी नातेवाईक बाळाच्या तोंडात मलईचे बोट घालतात. दोन वर्षांपर्यंत वरची साखर मुलाला देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर कधीच चाटवू नये. पहिल्या वाढदिवसाचा केक मोठ्यांनी खावा, बाळाला कुस्करलेले केळे द्यावे. त्याला काही कळत नाही आणि त्याचे काही बिघडत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या केकमध्ये अख्खे काजू, शेंगदाणे घालू नका, घशात अडकतात. घालायचे तर कूट करून.

काही कुटुंबे वाढदिवसाला मुलांना घेऊन कोंडाण्याच्या लेण्यांवर जातात. फार चांगली गोष्ट आहे. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला चैत्य आणि विहार आपल्या तालुक्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या कुशीत उभे आहेत, हे पोरांना लहानपणीच दिसले पाहिजे. चैत्यापाशी एका शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की, हे कान्हाचा अंतेवासी बलक याने केले. काही अभ्यासक ते नाव बलुक असे वाचतात. राजा नाही, सावकार नाही, काम करणारा शिष्य आणि त्याचा गुरू यांची नावे दोन हजार वर्षे टिकली. मुलाला ती अक्षरे दाखवा. पण ते संरक्षित स्मारक आहे. आत मेणबत्ती लावू नका, काजळी धरते, आणि केकही आत कापू नका. खाली उतरून गावाकडे या आणि तिथे सावलीत बसून खा. मलई नसलेला हा साधा केक डब्यात घालून डोंगर चढला-उतरला तरी मोडत नाही. दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो.

आता त्या सुनेचा दुसरा प्रश्न. शेजारचे खातील का?

ज्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही त्यांना तो क्षुल्लक वाटेल. बेकरीचा केक कुणी मळला, कुणी भाजला, हे कुणी विचारत नाही. खोक्यावर दुकानाचे नाव असते, जात नसते. घरच्या केकला मात्र हात असतो. मग शेजारीण हसून म्हणते, "अगं, आज माझा उपवास आहे," किंवा "नुकतेच जेवून आलो." मुलांच्या हातात आधीच फरसाणाचा पुडा दिलेला असतो. तोंडावर कुणी काही वाईट बोलत नाही, हेच त्यातले शहाणपण. म्हणून आपल्या किती तरी भगिनी, हाताला उत्तम चव असताना, बेकरीचा केक आणि बाटलीबंद सरबत आणतात. त्या खर्चाला मी भीतीचा खर्च म्हणते.

हे जुने दुखणे आहे आणि आपल्याच जिल्ह्याने ते पाहिले आहे. रायगड तेव्हा कुलाबा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच दिवशी सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला, तेव्हा आपली माणसे जेवत होती. शिजवलेले अन्न त्यांनी मातीत मिसळले. नंतर तळेही शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले. पाण्याइतकाच राग आपल्या हातच्या अन्नाचा होता. आणि हे सारे १९२७ मध्येच संपले असे कुणी समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. तिला कामावरून काढले गेले. बोभाटा झाल्यावर पुन्हा घेतले. ती मुले होती, वाचकहो. मुलांना हे कुणीतरी घरी शिकवलेले असते.

तेव्हा कर्जतच्या एका इमारतीतल्या माझ्या मैत्रिणीने काय केले ते सांगते. मुलगी पाच वर्षांची होणार होती. मागच्या वर्षी दोन शेजारणींचा उपवास निघाला होता. या वेळी तिने बायकांना बोलावलेच नाही, मुलांना बोलावले, आणि संध्याकाळी सहाऐवजी चारला. सात मुलांना निमंत्रण होते, सहा आली. तिने सगळ्यांना हात धुवायला लावले आणि परातीभोवती बसवले. एकाने मैदा चाळला, एकीने वेलची कुटली, दोघांनी आळीपाळीने रवी फिरवली. अंडे फोडायला तर भांडण झाले. केक भाजेपर्यंत खेळ झाले, वास सुटला तशी मुले पातेल्याभोवती घिरट्या घालू लागली. नवऱ्याने पान ठेवून साखर भुरभुरवली. त्याला स्वयंपाकघरात उभे केले हेही बरे झाले. घरातल्या मुलाला बापाच्या हातचे खायला कधीतरी मिळाले पाहिजे.

सहापैकी पाच मुलांनी खाल्ला, दोघांनी पुन्हा मागितला. एका मुलाने तुकडा कागदात बांधून घेतला आणि म्हणाला, आईला विचारून खातो. त्या कागदाचे पुढे काय झाले ते कळले नाही. मैत्रिणीने विचारले नाही, मुलीलाही काही सांगितले नाही. तिने रवी धुतली आणि उरलेले दोन तुकडे खालच्या पहारेकऱ्याला दिले. आठवड्याने समोरची एक बाई माप मागायला आली. तिच्या मुलाने म्हणे घरी जाऊन हट्ट धरला होता की, आपणही तसाच करू, अंडे मी फोडणार.

हा काही जात मोडण्याचा मंत्र नाही. कुणी खाल्ले नाही तरी त्या दिवशी आपले लेकरू खिन्न होता कामा नये, एवढी तयारी आईने करावी. मुलाने विचारलेच की, तो का नाही खात, तर "त्याचा उपवास आहे" असे खोटे सांगू नये. तीन वर्षांच्या मुलाला "त्याला आज खायचे नाही" एवढे पुरे. आठ वर्षांच्या मुलाला महाडची गोष्ट सांगता येते. पण घाबरून बेकरीत जाऊ नका. आपल्या हातचे अन्न लपवण्यासारखे नाही.

कोंडिवड्याच्या सुनेला मी वरचे माप कागदावर लिहून दिले आहे. तिच्याकडे मुले वीस येतील असे ती म्हणते. वीस मुलांना गोल केकचे सारखे तुकडे करणे अवघड जाते. म्हणून सगळे माप दुप्पट घ्या, दोन चौकोनी डब्यांत ओता आणि एकामागून एक भाजा. दुसऱ्या डब्याचे पीठ मात्र आधी कालवून ठेवू नका. ओले आणि कोरडे जिन्नस वेगळे ठेवा आणि पहिला केक उतरला की मगच मिसळा. प्रत्येक चौकोनाला एका बाजूने दोन आणि दुसऱ्या बाजूने एक काप दिला की सहा तुकडे होतात, दुसऱ्या बाजूने आणखी तीन काप दिले की पंधरा. दोन डब्यांचे तीस होतात. वीस मुलांचे, दहा आजी-आजोबांचे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या, म्हणजे चुरा पडत नाही.